काचपेटीतील ऑर्किड आणि वाळण्याचा वेळ

घरातील ज्या भिंतीजवळ भर दुपारीही दिव्याशिवाय वाचता येत नाही, त्या भिंतीला लागून ठेवलेल्या काचपेटीत मी ऑर्किड वाढवते. पेटी ४५ सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच आहे. तिच्या वर पांढरा एलईडी दिवा आणि आत एक लहान पंखा आहे; सूर्यप्रकाश तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशी पेटी पाहणारी माणसे बहुतेक वेळा दिवा किती वॅटचा आहे आणि आत आर्द्रता किती टक्के आहे, एवढेच विचारतात. हे प्रश्न गैरलागू नाहीत. परंतु पेटी उभारण्यापासून तिच्यात नियमित फुले येऊ लागेपर्यंतच्या काळात मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न वेगळाच होता: पाणी फवारल्यानंतर मुळे पुन्हा कोरडी व्हायला किती वेळ लागतो? दिव्याची उंची, पंख्याची गती, झाकणाची फट, मॉसचे (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचे) प्रमाण यांविषयीचे माझे जवळजवळ सर्व निर्णय अखेर या एका प्रश्नाच्या उत्तरावरून ठरत गेले.

पेटी घेण्याआधी मी रोपांची निवड केली, आणि हा क्रम उलटा असू नये असे माझे ठाम मत आहे. सर्वत्र मिळणारे फॅलेनॉप्सिसचे मोठे संकर काचपेटीसाठी निरुपयोगी असतात, कारण त्यांची पाने हातभर पसरतात आणि फुलांचा दांडा पेटीच्या छताला टेकतो. मला तळहातावर मावणारी आणि पूर्ण वाढ झाल्यावरही तेवढीच राहणारी ऑर्किडे हवी होती. त्यातही दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. बहुसंख्य लहान ऑर्किडे अपिवनस्पती असतात, म्हणजे ती झाडांच्या सालीवर मुळे रोवून वाढतात, आधार देणाऱ्या झाडाचे अन्न घेत नाहीत आणि पाऊस, धुके व दव यांवर जगतात. याउलट ज्यांना ज्युएल ऑर्किड म्हणतात ती जंगलाच्या जमिनीवरील पालापाचोळ्यात, गडद सावलीत वाढतात आणि फुलांपेक्षा पानांसाठीच जोपासली जातात. पेटीच्या वरच्या भागासाठी मी मेक्सिको व मध्य अमेरिकेत आढळणारे डिनेमा पॉलिबल्बॉन, मधल्या भागासाठी तैवानमधील हराएला रेट्रोकॅला आणि अँडीज पर्वतातील रेस्ट्रेपिया अँटेनिफेरा, तर तळासाठी सोनेरी शिरांची मखमली पाने असलेले आग्नेय आशियातील मॅकोडेस पेटोला निवडले. ड्रॅक्युला या वंशातील, माकडाच्या चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या फुलांचा मोह पुष्कळ झाला. पण त्यांचे फुलांचे दांडे मुळांभोवतीचे मॉस व साल भेदून खाली उतरतात म्हणून त्यांना टांगती टोपली लागते, शिवाय दिवसाही थंडावा लागतो. पेटीला शीतयंत्र जोडण्याची माझी तयारी नव्हती, त्यामुळे तो विचार मी सोडून दिला.

रोपे घेताना ती रोपवाटिकेत वाढवलेली आहेत की जंगलातून उपटून आणलेली, हे पाहणे मी आवश्यक मानते. ऑर्किडचे संपूर्ण कुल वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम हे वंश तर अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. एकसारख्या वयाची, स्वच्छ पानांची, लेबलावर पूर्ण नाव असलेली रोपे बहुधा प्रयोगशाळेतील बाटल्यांतून आलेली असतात. मुळे तुटलेली, पानांवर जुने ओरखडे आणि लायकेन (दगडफुलासारखी वाढ), आणि नावाच्या जागी नुसतेच ‘लहान ऑर्किड’ असे लिहिलेले असेल तर ते रोप न घेतलेले बरे. ऑर्किडच्या धुळीसारख्या बीजात अन्नसाठा जवळजवळ नसतो आणि निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच रुजते, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवले. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी साखर मिसळलेल्या अगारवर (समुद्री शैवालापासून केलेल्या जेलीवर) बुरशीविना ही बीजे रुजवता येतात हे सिद्ध केले. आज लहान ऑर्किड जंगलाला हात न लावता मिळू शकतात त्यामागे हे काम आहे.

पेटीच्या रचनेत मी माती अजिबात वापरली नाही. तळाशी भाजलेल्या चिकणमातीच्या हलक्या गोळ्यांचा थर, त्यावर प्लॅस्टिकची बारीक जाळी आणि जाळीवर स्फॅग्नम मॉस व झाडाच्या सालीचे तुकडे यांचे मिश्रण, एवढाच तळ आहे. गोळ्यांच्या थरात साठलेले पाणी मी एका पातळ नळीने वेळोवेळी ओढून काढते, कारण ते मॉसला टेकले तर मॉस वातीप्रमाणे ते वर खेचत राहते आणि तळातली मुळे कायमची भिजलेली राहतात. मागच्या काचेवर कॉर्कच्या सालीचे जाड पत्रे सिलिकॉनने चिकटवले आणि सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पेटी रिकामी, उघडी ठेवली. हवेसाठी समोरच्या दाराखाली एक अरुंद जाळीदार पट्टी आणि छताच्या मागील बाजूस दुसरी पट्टी ठेवली. दिव्यामुळे तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत येते. हा प्रवाह इतका मंद असतो की हाताला जाणवत नाही, परंतु समोरची काच धूसर होत नाही यावरून तो चालू असल्याचे कळते.

हराएलाला कॉर्कवर बांधताना मुळांखाली मॉसचा अगदी पातळ थर दिला आणि पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने रोप घट्ट आवळले. रोप जरासेही हलत राहिले तर नव्या मुळांची टोके सालीवर घासून मरतात, म्हणून येथे हयगय उपयोगाची नाही. रेस्ट्रेपियाला पाणी साठवणारे कंद नसतात, त्यामुळे तिला सैल भरलेल्या मॉसच्या छोट्या जाळीदार कुंडीत ठेवून ती कुंडी कॉर्कच्या खोबणीत बसवली. डिनेमाला लहान कंद असतात आणि ते सरपटत पसरते; त्याला नुसता कॉर्कचा तुकडा पुरला.

प्रकाशाचा विषय मी बराच वेळ घेऊन हाताळला, कारण त्याबाबत डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स (डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे एकक) प्रकाश असतो आणि उजेडी वाटणाऱ्या खोलीत काही शेच. डोळा मात्र या दोन्हींत इतक्या सहज जुळवून घेतो की फरक दुप्पट-तिप्पट असावा असे वाटते. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात आणि तो मोजण्याचे खरे एकक म्हणजे दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या फोटॉनांचे, म्हणजे प्रकाशकणांचे, मायक्रोमोल (मोल या संख्येचा दहा लाखावा भाग). ते मोजणारे उपकरण माझ्याकडे नाही, परंतु पांढऱ्या एलईडीसाठी साधारण ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल असे ढोबळ गणित चालते, आणि लक्समापक सहज मिळतो. माझा दिवा सुमारे ३० वॅटचा आहे. त्याच्याखाली वरच्या कॉर्कजवळ १२ हजार लक्स, मध्यभागी साडेसहा हजार आणि तळाच्या कोपऱ्यात दोन हजारांच्या आसपास अशी मोजणी आली. दिवा रोज १२ तास चालतो असे धरले, तर वरच्या रोपांना दिवसाला अंदाजे ७ मोल, मधल्यांना ४ मोल आणि तळाला सव्वा मोल प्रकाश मिळतो. डिनेमा वर, हराएला व रेस्ट्रेपिया मध्ये आणि मॅकोडेस खाली ही मांडणी या आकड्यांशी चांगली जुळते.

आकडे मिळाल्यावरही अंतिम निवाडा पानांचाच असतो. पान गडद हिरवे, लांबट आणि लोंबते होऊ लागले तर प्रकाश कमी आहे. फिकट पिवळसर झाले किंवा त्यावर लालसर जांभळी झाक आली तर तो जास्त आहे. डिनेमाच्या पानांवर किंचित तांबूस छटा येईपर्यंत मी त्याला दिव्याजवळ सरकवत नेले आणि तेथेच थांबले. मॅकोडेसच्या बाबतीत मात्र सोनेरी शिरांची चमक कमी होऊ लागताच त्याच्यावर नेच्याच्या एका पानाची सावली येईल अशी व्यवस्था केली. जांभळ्या रंगाचे दिवे वनस्पतींसाठी अधिक चांगले असतात, असे आवर्जून सांगितले जाते. त्यांच्याखाली रोपे वाढतात हे खरे आहे, परंतु पानाचा खरा रंग दिसत नसेल तर वर सांगितलेला निवाडा करायचा कसा, हा माझा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप आहे. मी ४,००० ते ६,५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगछटेचे माप) यांदरम्यानच्या पांढऱ्या दिव्यावर समाधानी आहे.

दिव्याचा दुसरा परिणाम म्हणजे उष्णता. एलईडी थंड असतो हा समज अर्धाच खरा आहे, कारण दिव्यातून निघालेला प्रकाशही पाने, मॉस आणि काच यांनी शोषल्यावर शेवटी उष्णतेतच बदलतो. दिवा छताच्या काचेवर थेट न ठेवता मध्ये पाच सेंटिमीटरची मोकळी जागा ठेवली आणि त्याचे वीज नियंत्रित करणारे उपकरण पेटीपासून दूर ठेवले, तेव्हा आतले दिवसाचे तापमान २६ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर झाले. दिवा बंद झाल्यावर ते हळूहळू २० अंशांपर्यंत उतरते. दिवस-रात्रीतला हा पाच-सहा अंशांचा फरक ऑर्किडांना मानवतो; तो मिळावा म्हणूनच दिव्याची वेळ मी दिवसाशी जुळती ठेवली आहे.

रात्री होणारी ही तापमानाची घसरण आणि आर्द्रता यांचा परस्परसंबंध समजून घेतल्यावर पेटीचा सारा व्यवहार माझ्यासाठी स्पष्ट झाला. २६ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ मावते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅमच. म्हणजे दिवसा ७० टक्के दाखवणारी, अगदी योग्य वाटणारी आर्द्रता रात्री तापमान २० अंशांवर येताच, एक थेंबही पाणी न घालता, १०० टक्के होते आणि काचेवर, पानांच्या बेचक्यांत व कळ्यांवर दव धरते. शिवाय माझ्या पेटीचे आकारमान साधारण १२० लिटर आहे. तेवढ्या हवेत २६ अंशांना पूर्ण भरली तरी जेमतेम ३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे एक चहाचा चमचाभर पाणीही नाही. उलट स्फॅग्नम मॉस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस पट पाणी धरते. त्यामुळे आर्द्रता वाढवण्यासाठी हवेत वारंवार पाणी फवारणे निरर्थक ठरते. हवा क्षणात भरते आणि उरलेले सारे पाणी पृष्ठभागांवर साचते. ओले मॉस आर्द्रता आपोआप राखते. आपल्याला चिंता करायची असते ती पाणी जाण्याची.

आर्द्रतामापकाच्या आकड्यावर विसंबण्याआधी मी त्याची तपासणी केली, आणि ती कोणालाही करता येण्याजोगी आहे. एका लहान झाकणात मीठ घेऊन त्यात ते ओलसर होईल पण पूर्ण विरघळणार नाही एवढे पाणी घालायचे, ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. खोलीच्या तापमानाला त्या पिशवीतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझा मापक ८१ दाखवत होता. त्यानंतर मी प्रत्येक वाचनातून सहा वजा करते.

बंद काचेत वनस्पती जगतात हे नाथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरांनी १८२९ मध्ये पाहिले. पतंगाच्या कोषासाठी ओल्या मातीसह बंद केलेल्या बाटलीत नेचा आणि गवत उगवले होते. १८३३ मध्ये त्यांनी अशाच काचपेट्यांतून रोपे जहाजाने सिडनीला पाठवली. मात्र नेच्याला जे चालते ते अपिवनस्पती असलेल्या ऑर्किडला चालत नाही, हेही त्याच काळातील इंग्लंडमधल्या काचगृहांत दिसून आले. इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांच्यासारख्या जाणकारांनीही प्रारंभी जास्त उष्णता, दाट सावली आणि भरपूर ओलावा यांची शिफारस केली होती, आणि त्या कोंदट वाफेत असंख्य रोपे मेली. १८३०च्या दशकात इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथील बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी तापमान कमी करून खेळती हवा दिली, तेव्हा चित्र पालटू लागले. आज काचपेटी घेणारी माणसे पुन्हा तोच जुना कोंदटपणा प्रयत्नपूर्वक निर्माण करतात, याची मला गंमत वाटते.

पंखा मी संगणकातला वापरला आहे. तो १२ व्होल्टचा असला तरी ५ व्होल्टवर चालवते, त्यामुळे त्याचा आवाज येत नाही आणि वारा थेट रोपांवर न पडता काचेवर आपटून पेटीभर फिरतो. तो बाहेरची हवा आत ओढत नाही, आतलीच हालती ठेवतो. पुष्कळ जण रात्री पंखा बंद करतात. मी तो रात्रीही चालू ठेवते, कारण दव धरण्याची वेळ तीच असते. पंखा रात्री चालू राहिला की पानांच्या बेचक्यांतले थेंब सकाळपर्यंत टिकत नाहीत, आणि कोवळी पाने एका रात्रीत तपकिरी, पाणचट करणारी जिवाणूजन्य कूज व फुलांवर बारीक ठिपके आणणारी बुरशी या दोन्हींना लागणारी ओल मिळत नाही.

वाळण्याचा वेळ मोजायला कोणतेही उपकरण लागत नाही, कारण हराएलाची उघडी मुळे तो स्वतःच दाखवतात. या मुळांभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, ज्याला वेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ रुपेरी पांढरे दिसते. भिजताच आवरण पारदर्शक होते आणि आतले हरितद्रव्य दिसू लागून मूळ हिरवे होते. भिजलेल्या आवरणातून हवा नीट पोहोचत नाही, त्यामुळे सतत हिरवे राहणारे मूळ कालांतराने गुदमरते. मी सकाळी दिवा लागल्यावर फवारणी करते आणि दोन-तीन तासांत मुळे पुन्हा रुपेरी झाली तर सारे ठीक आहे असे समजते. अर्ध्या तासातच वाळली तर झाकणाची फट थोडी कमी करते. दिवा बंद होण्याच्या वेळीही हिरवीच असली तर फट वाढवते आणि दुसऱ्या दिवशीची फवारणी टाळते. हा नियम हराएलापुरता आहे. रेस्ट्रेपियाचे मॉस वरून कोरडे पण आत ओलसर असावे लागते, आणि मॅकोडेसच्या तळाला तर आठवड्याला एकदा पाणी पुरते.

पाणी शक्यतो पावसाचे किंवा आरओ यंत्रातले वापरते. जड पाण्यातील क्षार पानांवर पांढरे डाग सोडतात, एवढाच त्रास नसतो. पेटीतून पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मात्र मागेच राहतात, त्यामुळे मॉस आधी तपकिरी पडते आणि मग मुळांची टोके काळी होतात. खत पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या एक चतुर्थांश, तेही वाढ दिसत असतानाच देते, आणि मधूनमधून नुसत्या पाण्याने मॉस धुऊन काढते.

किडींपैकी खरा उपद्रव बारीक गोगलगायींचा झाला. त्या मॉसमधून किंवा रोपांबरोबर येतात, दिवसा दिसत नाहीत आणि रात्री मुळांची हिरवी टोके कुरतडतात. टोक गेले की त्या मुळाची लांबी वाढणे थांबते. बटाट्याची चकती संध्याकाळी मॉसवर ठेवून दिवा बंद झाल्यानंतर विजेरीच्या प्रकाशात ती उचलली, तर खालच्या बाजूला त्या चिकटलेल्या सापडतात. असे सतत केल्याने संख्या आटोक्यात येते, पूर्ण संपत नाही. नवे रोप आता पेटीत जाण्याआधी वेगळ्या डब्यात राहते आणि त्याचे जुने मॉस मी संपूर्ण काढून टाकते. कुजणाऱ्या पदार्थांवर व बुरशीवर जगणारे स्प्रिंगटेल नावाचे पांढरे, बारीक जीव मात्र मुद्दाम सोडले आहेत.

फुलांच्या बाबतीत रेस्ट्रेपिया सर्वांत उदार निघाली. तिचे फूल पानाच्या तळाशी, मागच्या बाजूने उगवते आणि त्याच पानाच्या बुडातून पुन्हा पुन्हा येते, म्हणून जुनाट दिसणारे पानही कापायचे नसते. देठासह गळालेले एक पान मॉसवर ठेवले तर त्याच्या सांध्यातून नवे रोप फुटले. हराएलाचे पिवळसर, मध्यभागी गडद तपकिरी फूल रोपाच्या मानाने मोठे असते आणि त्याला लिंबाच्या जातीचा हलका सुगंध येतो. पेटीचे दार उघडल्यावरच तो कळतो. डिनेमाने पुष्कळ नवी पाने दिली, पण कळी धरायला वेळ घेतला. त्याचे कंद पूर्ण भरल्यावर फवारणी काही काळ कमी केली आणि त्याला दिव्याच्या बरोबर खाली आणले, तेव्हा मधासारख्या वासाची फुले आली.

आता मुख्य काम छाटणीचे आहे. या प्रकाशात आणि ओलाव्यात जिवंत मॉस ऑर्किडांपेक्षा कितीतरी वेगाने वाढते, हराएलाच्या मुळांवर चढते आणि तीच मुळे, जी पूर्वी दोन तासांत रुपेरी होत, दिवसभर हिरवी राहू लागतात. पेटीत बाकी काहीही बदललेले नसताना वाळण्याचा वेळ असा लांबला की मी लांब चिमट्याने मॉस उपटते, कॉर्कवर धरलेले शैवाल जुन्या दातघासणीने खरवडते आणि छताची काच आतून पुसते, कारण तिच्यावरील डागांमुळे प्रकाशही घटलेला असतो. त्यानंतरचे काही दिवस मुळे फार लवकर वाळतात, तेवढ्यापुरती संध्याकाळ होण्याच्या बऱ्याच आधी आणखी एक हलकी फवारणी द्यावी लागते.